खास बाब

‘आपण स्वतः प्रसूत न’ एवढं टाइप झालं आणि मालतीची बोटं कळांवरच थांबली. अकरा वर्षं ती विणकर सोसायटीच्या या कचेरीत टाइप करत होती, आणि समोरचा मजकूर वाचायची सवय तिला केव्हाच सुटली होती. मसुदा डोळ्यांतून आत शिरायचा आणि मधे कुठंही न रेंगाळता बोटांतून बाहेर पडायचा. सकाळपासून सुताच्या कोट्याचं एक पत्र झालं होतं, रंगवाल्या व्यापाऱ्याला एक, रंग उतरला म्हणून परत आलेल्या चादरींचं एक. त्याच हाताचा, मॅनेजर चनमल्लप्पांच्या त्याच डावीकडे कललेल्या अक्षराचा हा पुढचा मसुदा. ‘श्रीमती मालती नारायण पंचाक्षरी, टंकलेखिका’ हे नावसुद्धा बोटांनी कुणा परक्या बाईचं असल्यासारखं उमटवून टाकलं होतं. पण ‘प्र’ला तिची करंगळी नेहमी अडखळायची, तशी ती आजही अडखळली, आणि त्या एवढ्याशा फटीतून अर्थ आत आला. मग तिने उरलेलं वाचलं. ‘झाल्याने सदर रजा आपणांस अनुज्ञेय नाही.’

कानांच्या पाळ्या एकदम तापल्या. हात पदराखालून पोटाशी गेला आणि तिथंच राहिला. काचेपलीकडे चनमल्लप्पा मान खाली घालून काहीतरी वाचत होते. इतकं मन लावून माणूस वाचतो तेव्हा तो काहीच वाचत नसतो. मसुदा त्यांनीच तिच्या टेबलावर ठेवला होता, इतर मसुद्यांच्या मधे, मुद्दाम दडवल्यासारखा. त्यात दुष्टावा नव्हता. कचेरीत टाइप करणारी ती एकटीच होती. तिचं नामंजुरीचं पत्र तिच्याशिवाय टाइप करणार तरी कोण? हे लक्षात आलं आणि तिला हसू आल्यासारखं झालं. खाली घड्या घालणाऱ्या बायकांच्या खोलीतून चादर झटकल्याचा आवाज आला, मग दुसरी चादर, मग तिसरी. तिने ‘झाल्याने’ टाइप केलं. पुढचंही केलं. कागद काढून ती आत गेली आणि सहीसाठी समोर ठेवला.

“मालतीबाई, नियमातच बसत न्हाई हो,” चनमल्लप्पा कागदाकडे बघतच म्हणाले. “मी तरी काय करू?”

“बोर्डापुढं ठेवा साहेब.”

“ठेवतो की. पन तितं बी हेच व्हनार.”

“मग तिथं होऊ दे.”

संध्याकाळी घरी जाताना तिला सारखं वाटत होतं की रस्त्यातला प्रत्येक माणूस आपल्या पोटाकडे बघतोय. ही भावना जुनी होती. लग्नानंतर चार वर्षांनी ती सुरू झाली आणि नंतर कधी थांबलीच नाही. हळदीकुंकवाला बायकांची नजर आधी तिच्या तोंडाकडे यायची, मग खाली घसरायची, मग पटकन दुसरीकडे जायची. मंगळवेढ्याची सासू तर नजरेचाही आडपडदा ठेवत नसे, “यंदा बी न्हाई व्हय?” असं ती सरळ विचारायची, ज्वारी कशी झाली असं विचारावं तसं. आणि आता आश्रमातून दत्तक घेतलेली पोर घरात आली तेव्हा त्याच सासूने, “कुणाचं रगत, कुणास ठावं,” म्हणून निरोप पाठवला आणि यायचं टाळलं. नारायण एसटीच्या वर्कशॉपमधे होता. आईचा निरोप आला त्या दिवशी तो बराच वेळ नळावर हात धूत बसला होता, ग्रीस निघून गेल्यावरही. नंतर एवढंच म्हणाला, “नाही आली तर नाही. आपण दोघं आहोत की.” पण तो दिवसभर वर्कशॉपमधे आणि ती दिवसभर कचेरीत. दोघं होते ते फक्त रात्री.

दिवसा पोर शेजारच्या बजाबाईंकडे असायची. मालती दारात आली तेव्हा बजाबाई वाती वळत बसल्या होत्या आणि कोपऱ्यात दुपट्यावर चार महिन्यांची दुर्गा डोळे उघडे ठेवून पडली होती, वर तुळईकडे बघत. “लई शानी पोर हाय बाई तुमची,” बजाबाई कौतुकाने म्हणाल्या. “घरात हाय का न्हाई ते बी कळत न्हाई. सकाळधरनं हूं न्हाई की चूं न्हाई. दूध दिलं तर पेती, न्हाई दिलं तर पडून ऱ्हाती.” मालतीने पोरीला उचललं. हेच आश्रमातल्या वच्छलाबाईंनी तिला सांगितलं होतं. कोर्टाचा कागद झाला त्या दिवशी पोरीला तिच्या हातात देताना त्या बाईंनी तिला जरा बाजूला नेलं होतं. थकलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली बाई. म्हणाल्या, “एक सांगते. ही रडत नाही. दुष्काळापासून मुलं इतकी आली की आमचे हात पुरले नाहीत. रडलं तरी कुणी येत नाही, हे हिला फार लवकर कळलंय. लोक म्हणतील किती गुणी आहे. तुम्ही म्हणू नका. हिला उचलून घ्या, अंगाशी ठेवा, एकाच माणसाचा वास हिला दिवसभर मिळू दे. हिला रडायला शिकवा.” मालतीने मान हलवली होती. आणि शिल्लक होती ती आठ दिवसांची रजा संपल्यावर नवव्या दिवशी पोरीला दुपट्यात गुंडाळून बजाबाईंकडे ठेवून ती कामावर गेली होती. पोर तेव्हाही रडली नाही. दारातून वळून पाहिलं तर ती तुळईकडेच बघत होती. जणू तिला हे माहीतच होतं, हे असंच असतं.

नारायण एकदा हळूच म्हणाला होता, “नोकरी सोडतेस का? भागवू कसंतरी.” तिला नोकरी हवी होती आणि पोरगी हवी होती, आणि दोन्ही मागण्यात लाज वाटावी असं काय आहे हे तिला स्वतःला समजावता येत नव्हतं. लाज मात्र वाटत होती. दुर्गाला मांडीवर घेऊन ती अंधारत चाललेल्या खोलीत बसली आणि तिला ती जुनी रजा आठवली.

नऊ वर्षं झाली असतील. दिवस भरले होते, दुखणंही रीतसर आलं, पण मूल आलं ते निळं आणि मुकं. सुईणीने ते तिला नीट दाखवलंही नाही. सोसायटीने तेव्हा रजा दिली होती. कुणी काही विचारलं नाही, नियमातच ती होती. मूल जगो वा न जगो, बाळंतिणीला दीड महिना, पूर्ण पगारी. चनमल्लप्पा स्वतः घरी आले होते, केळ्यांची फणी घेऊन, आणि दारातच चप्पल काढून उभे राहिले होते. त्या दीड महिन्यात मालतीने काय केलं? भिंतीला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी दूध आलं, चोळी भिजली, आणि ते कुणाला द्यायचं हे अंगाला कळेना. कोबीची पानं बांधा, असं कुणीसं सांगितलं. रिकाम्या हातांनी रजा भोगण्यासारखी दुसरी शिक्षा नाही असं तिला तेव्हा वाटलं होतं; आठवडाभर आधीच ती कामावर गेली, आणि टाइपरायटरच्या आवाजात तिला पहिल्यांदा बरं वाटलं. आज मांडीवर वजन होतं. अंगठ्याएवढी मूठ तिच्या पदराच्या काठाशी होती, पण काठ धरत नव्हती. मालतीच्या मनात एकदम काहीतरी जागेवर बसलं, कुलूप फिरावं तसं. “तेव्हा रजा दिली होती,” ती मोठ्याने म्हणाली. नारायण दारातून आत आला, “काय म्हणालीस?” ती म्हणाली, “काही नाही. शनिवारी बोर्डाची सभा आहे, मला उशीर होईल.”

मधले दिवस तिला वाईट गेले. खालच्या बायकांना कळलं होतं. शिपायाने सांगितलं असणार. सकाळी ती त्यांच्या खोलीवरून जिन्याकडे वळायची तेव्हा चादरी झटकणारे हात थांबायचे आणि सगळ्या तिच्याकडे बघायच्या. त्या लुगड्यातल्या, ती पाचवारीतली. त्या खाली, ती वर. अकरा वर्षांत ती त्यांच्याशी पाणी आहे का यापलीकडे फारसं बोलली नव्हती. आता त्या बघतात तेव्हा पोटाकडेच बघतात याची तिला खात्री होती. विकतचं आईपण घेऊन सुट्टी मागते ही, असं म्हणत असतील. त्यांतली सगळ्यांत जुनी दगडाबाई, उंच, हाडकुळी, कपाळावर आडवं कुंकू, शुक्रवारी जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली. “बाई, उद्या सभा हाय न्हवं?” मालती “हो” म्हणाली आणि थांबली नाही. पायऱ्या चढताना पाठीवर ती नजर जाणवत राहिली.

संचालक मंडळाच्या सभेत इतिवृत्त लिहायचं काम तिचंच. अध्यक्ष आबासाहेब मधे, पांढऱ्या मिशांचे, धोतर, काळा कोट. चनमल्लप्पा त्यांच्या डाव्या हाताला. बाकीचे मागवाले संचालक दोन्ही बाजूंना, त्यांतले दोघे आपसांत तेलुगूत कुजबुजणारे. टेबलाच्या शेवटी ती, पेन्सिल घेऊन. सूत, रंग, विजेचं बिल हे सगळं तिने लिहिलं. मग चनमल्लप्पांनी घसा साफ केला. “विषय पुढचा. टंकलेखिकेचा रजेचा अर्ज.” सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या आणि लगेच परत फिरल्या. तिच्या हातातल्या पेन्सिलीने सवयीने ‘विषय’ असं लिहिलंही. मग तिने पेन्सिल खाली ठेवली. तो आवाज तिलाच फार मोठा वाटला.

“आज मी लिहिणार नाही,” ती उभी राहून म्हणाली. “मला बोलायचंय.”

“मग लिवायचं कुणी?” आबासाहेबांनी खरोखरच्या काळजीने विचारलं.

“तुमच्यापैकी कुणीही लिहा.”

चनमल्लप्पांनी वही आपल्याकडे ओढली.

पहिला संगप्पा बोलला. त्याचे पुष्कळ माग होते आणि सभेत त्याचाच आवाज मोठा असे. “बाई, रजा म्हंजे बाळंतिणीचं अंग भरून यायला असती. तुमाला काय झालंय अंगाला? आणि उद्या खालच्या सगळ्याच बायका कुठनं कुठनं पोरं आणतील आणि रजेवर बसतील.” दोघंतिघं हसले.

“पोर आणणं एवढं सोपं असतं,” मालती म्हणाली, “तर आश्रम रिकामे झाले असते.”

हसणं थांबलं. आपला आवाज कापतोय हे तिला कळत होतं, पण तो कापत कापत पुढे जात होता, आणि त्याच्यामागून ती. “अंगाचंच म्हणत असाल तर ऐका. नऊ वर्षांमागं माझं मूल पोटातच गेलं. याच सोसायटीनं मला दीड महिना पूर्ण पगार दिला. तुमचे उपकार मी विसरले नाही. पण मी त्या दीड महिन्यात काय केलं, विचारा. भिंतीकडं बघत बसले. मूल मेलं तेव्हा रजा दिलीत. आता एक जिवंत घरात पडलंय, चार महिन्यांचं, ते माणसाची वाट बघायचं विसरलंय, आणि तुम्ही म्हणता नियमात नाही.” ती थांबली. चनमल्लप्पा लिहीत नव्हते. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते, आणि तिला वाटलं त्यांना ती केळी आठवत असावीत.

मग आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “पोरीचं नाव काय ठिवलंय?”

“दुर्गा.”

“चांगलं हाय.” ते इकडेतिकडे बघून म्हणाले, “असं करू मंडळी. बाई आपल्या घरातल्यासारख्या हायत. खास बाब म्हणून त्यास्नी दीड महिना देऊन टाकू. काय?” सगळ्यांनी श्वास सोडला. खुर्च्या हलल्या, कुणी तंबाखूची चंची काढली, “व्हय व्हय, खास बाब” असं दोन्ही बाजूंनी आलं. संगप्पानेही हात हलवून जाऊ दे म्हटलं. झालं होतं. दीड महिना तिच्या समोर टेबलावर होता. उचलायचा आणि जिना उतरायचा, एवढंच बाकी होतं. घरी दुपट्यावर ते उघडे डोळे होते. आणि तिच्या बोटांना मात्र ते दोन शब्द ओळखीचे लागले. खास बाब. तिने ते किती वेळा टाइप केले होते! कुणा संचालकाच्या भाच्याची उचल, कुणा विधवेला शिवणयंत्र. ज्याला मिळायचं तो माणूस दुसऱ्या दिवशी हात जोडून दारात उभा राहायचा, आणि मग पुढे वर्षानुवर्षं त्याच्या तोंडावर ते जोडलेले हात दिसत राहायचे. दुर्गा मोठी होईल. तिची आई तिच्यासाठी घरी राहिली ती आबासाहेबांच्या मेहेरबानीने, असं होईल. मेलेल्या मुलाची रजा हक्काने मिळालेली, आणि या जिवंत मुलीची दयेने. नाही म्हटलं तर हे लोक चिडतील. कदाचित काहीच मिळणार नाही. सोमवारी पुन्हा ती दुपटं गुंडाळून शेजारी. तिने खुर्चीची पाठ धरली.

“खास बाब नको, आबासाहेब. नियम करा.”

“आता ह्ये काय!” संगप्पा उसळला. “दिलंय ते घ्या की गप! न्हाईतर ते बी न्हाई मिळायचं.”

आबासाहेबांचंही तोंड कडू झालं होतं. “बाई, हट्ट करू नका. नियम केला म्हंजे सगळ्यास्नीच लागू.”

“तेच म्हणतेय. सगळ्यांनाच.”

चहा यायला हवा होता. आला नाही. शिपाई रिकाम्या हातांनी दारात उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, जिन्यात वाट न्हाई.” “वाट न्हाई म्हंजे?” “बायका बसल्यात.” आणि त्याच्यामागून, पदर कमरेला खोचलेली दगडाबाई आत आली. काम केव्हाच सुटलं होतं. तिच्यामागे दारातून खाली जाणारा जिना दिसत होता, आणि पायरीपायरीवर बायका, चादरींचा धुरळा अंगावर घेऊन, गप बसलेल्या.

“तुमचं काय हाय हितं?” संगप्पाने विचारलं.

“आमचं बी हाय की ह्यात,” दगडाबाई म्हणाली. ती मालतीकडे बघत नव्हती, आबासाहेबांकडे बघत होती. “माजी भन मेली तवा तिची दोन लेकरं मी घेतली. धाकटी तान्ही हुती. एक दिस सुट्टी मिळाली न्हाई. चादरीच्या गठ्ठ्यामागं निजवून काम केलं मी, हितंच, खाली. तुमाला कुनाला दिसली न्हाई ती. जगली म्हनून बरं.” तिने दम घेतला. “ह्या बाई आमच्याशी बोलत न्हाईत कवा. पन आमी रोज बघतो, ह्या जिना चडताना कशा चडत्यात. जीव घरी ठिवून आलेली बाई आमाला वळकू येती. नियम करा आबासाहेब. आमी बसलोय. घाई न्हाई आमाला.”

मालतीच्या डोळ्यांपुढचं टेबल पाण्याखाली गेल्यासारखं हललं. त्या बघत होत्या ते पोट नव्हे, हे बघत होत्या. अकरा वर्षं ती त्यांच्या नजरेखालून पोट आवळून गेली होती.

तेलुगू बोलणाऱ्या दोघांतला म्हातारा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, मोडक्या मराठीत, “माज्या घरात बी सून काम करते. नियम पाह्यजे,” आणि त्याने हात वर केला. त्याच्या शेजाऱ्याने केला. मग एकेक. आबासाहेबांनी सगळीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि एकदम मिशीत हसले, हरल्यासारखे आणि बरं वाटल्यासारखे. त्यांचा हात वर गेला. संगप्पाने हात वर केला नाही, पण विरोध लिहा असंही म्हणाला नाही. “लिवा,” आबासाहेब म्हणाले. चनमल्लप्पा पेन्सिल धरून थांबले. “बाई, शब्द सांगा,” ते तिच्याकडे बघून म्हणाले, त्या आठवड्यात पहिल्यांदाच सरळ बघून. तिने सांगितलं, थांबत थांबत, त्यांच्या हाताला सवय नव्हती म्हणून: प्रसूतीने अथवा दत्तकविधानाने आई झालेल्या कोणत्याही स्त्री-नोकरास, मग ती वरच्या कचेरीत असो वा खाली, सारखीच रजा, पूर्ण पगारी. दगडाबाई मागे वळून जिन्यात ओरडली, “झालं गं!” आणि तो जिना, जो मालतीला नेहमी अंधारा वाटायचा, वरपासून खालपर्यंत हसला, टाळ्या वाजल्या, कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, आणि खाली उतरताना प्रत्येक पायरीवर एक हात तिच्या हाताला लागत गेला.

रजेच्या पहिल्या दिवशी दुपारचं ऊन आपल्या घरात कुठं पडतं हे तिने पाहिलं. अकरा वर्षांत तिला ते माहीत नव्हतं. ते मोरीच्या कडेवरून आत यायचं आणि हळूहळू पाळण्याखाली सरकायचं. आजूबाजूच्या घरांतले माग खटखटत असायचे, मधेच एखादा थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दुर्गा दिवसभर तिच्या अंगावर असायची. पाठीशी बांधून ती भाकरी थापायची, छातीशी घेऊन पडायची. दुसऱ्या आठवड्यात पोरीने पदर मुठीत धरला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मालती तिला खाली ठेवून नळावर गेली, आणि मागून असा काही टाहो फुटला की हातातली घागर सुटून नळाखाली लवंडली. ती धावत आली. पोर लालबुंद, मुठी आवळलेली, सगळं घर हक्काने डोक्यावर घेतलेलं. बजाबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, “काय झालं ओ?” मालती खाली वाकली. तिने पोरीला उचललं, पोर गप झाली, तिने मुद्दाम पुन्हा खाली ठेवलं, पोर पुन्हा ओरडली. “रडतेय!” ती रडत आणि हसत म्हणाली. “बजाबाई, रडतेय!”

नाव आधीच ठेवलेलं असलं तरी राहून गेलेलं बारसं रजेत करायचं ठरलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, बोळातून कासारीण आली. डोक्यावर बांगड्यांचा हारा, कुणीतरी घर सांगितलेलं. ती दारात थांबली, हारा उतरवून उंबऱ्याशी बसली, पदराने घाम टिपला आणि आत डोकावली. दगडाबाई आणि खालच्या आणखी दोघी सुट्टीचा दिवस म्हणून आल्या होत्या आणि पाळण्याला फुलं बांधत होत्या. नारायण दोरी धरून उभा होता. घरात पाच माणसं होती आणि कासारणीला काही उमगेना.

“बाळंतीण कोण हाय ह्यात?” तिने विचारलं.

फुलं बांधणारे हात थांबले. नारायणने दोरी सोडली नाही, पण मालतीकडे बघितलं.

मालती उठली, उंबऱ्याशी येऊन कासारणीसमोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

“मी,” ती म्हणाली. “हिरव्या घाला. हात भरून.”